खोटी घंटा

वांगी घेताना मी प्रत्येकाचा देठ उलटून बघते. भाजीवाली अक्का वैतागते, पण भरताचं वांगं आतून किडकं निघालं की जो संताप होतो तो मला सोसत नाही. नोकरीही तशीच मिळाली. जळगावच्या एका छोट्या कंपनीत मी दुसऱ्यांचा कोड तपासते.

धुळ्याच्या अलीकडे एका नानांचं केळी पिकवायचं चेंबर आहे. फैजपूरकडची केळी तिथे उतरतात. आत गरमी वाढली की आमच्या प्रोग्रामने नानांच्या घरी घंटा वाजवायची. नाहीतर अख्खा माल काळा पडतो. नानांचा कॉम्प्युटर जुनाट, त्यावरची प्रोग्रामिंगची भाषाही जुन्या व्हर्जनची, आणि तो बदलायला ते तयार नाहीत. त्यामुळे आम्ही प्रत्येक टेस्ट नव्या आणि जुन्या, दोन्ही व्हर्जनवर चालवायचो. दोन्हीकडे हिरवं, म्हणजे पास, आलं की ऑफिसात चहा सांगायचा, असा रिवाज.

भुसावळहून येणारा सहकारी रोज खुशीत चहा सांगायचा. नव्या व्हर्जनवर टेस्ट अधूनमधून लाल व्हायच्या, आम्ही त्या दुरुस्त करायचो. जुन्यावर मात्र घंटेची टेस्ट कायम हिरवी. इतकं शहाणं पोर मी अजून पाहिलेलं नाही. मला वाटलं, या सहकाऱ्यानेच काहीतरी दडपलंय.

"तुम्हाला ना मॅडम, देवळातल्या प्रसादावरही संशय येईल," तो म्हणाला.

मी कोडमधली घंटा वाजवणारी ओळच काढून टाकली आणि टेस्ट चालवली. नवं व्हर्जन लाल झालं. जुनं हिरवंच राहिलं. घंटा वाजवायची ओळच नाही, तरी टेस्ट पास.

त्याने काही दडपलं नव्हतं. टेस्टमध्ये खरी घंटा नसते, तिच्या जागी एक खोटी ठेवतात आणि शेवटी तिला विचारतात, एकदा वाजलीस का? हा प्रश्न नव्या व्हर्जनला कळतो. जुन्याच्या खोट्या घंटेला तो माहीतच नव्हता, आणि न कळणाऱ्या कशालाही मुकाट मान डोलवायची तिला सवय होती. आम्ही त्या मान डोलवण्यावर चहा पीत होतो.

काढलेली ओळ परत घातली. प्रश्न जुन्याला समजेल असा बदलला. आता जुनं लाल झालं. खरी घंटा वाजवणारी ओळ जुन्या व्हर्जनला झेपतच नव्हती, आणि ती चूक आमचाच कोड गुपचूप गिळत होता. सहकाऱ्याचा चेहरा उतरला. मला त्याचा नाही, माझा राग आला, की संशय माणसावर घेतला आणि हिरव्या रंगावर उशिरा.

मी लगेच नानांना फोन लावला. विचारलं, घंटा कधी वाजली होती का?

"नही ताई, आजवर एकदाबी वाजनी नही," ते कौतुकाने म्हणाले. "तुमनं काम पक्कं शे."

मी सांगितलं, आम्ही उद्या दुरुस्त करायला येतो, तोवर चेंबर स्वतः बघत राहा, घंटेवर विसंबू नका.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "मंग इतला दिन मी कोना भरोसावर झोपनू?"