आईस्क्रीम दुसऱ्यांदा फिरवताना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते माझं मलाच नीट कळत नाही — पण तोंड उघडलंच आहे, तर आता थांबत नाही.

पुनावळ्याच्या आमच्या घरी दर मे महिन्यात नणंदा पोराबाळांसह येतात आणि आंब्याचं आईस्क्रीम होतं. त्यात अवघड काही नाही. आंब्याचा गर, आटवलेलं दूध, साखर — मिक्सरमधून काढायचं, डब्यात भरायचं, फ्रीजरला ठेवायचं. अर्धवट गोठलं की बाहेर काढून पुन्हा एकदा फिरवायचं. ही दुसरी फेरी टाळली, तर बर्फाचे खडे दाताखाली येतात.

त्या वर्षी मी टाळली. चाकणला कंपनीत शिफ्ट करून आले होते, पाय भरून आले होते — छे, हे कशाला सांगतेय? कंटाळा केला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाट्या फिरल्या आणि माझी थोरली जाऊ, अक्का, सगळ्यांसमोर म्हणाली, "कंपनीत एवढाली मशिनं चालवती, आन् घरातला मिक्सर काय हिला कळंना!" सगळे हसले. मीही हसले. हसता येतं हो, अंगाचा तिळपापड झालेला असतानाही. मला सगळे शांत समजतात. माझा राग कधी कुणाला दिसलाच नाही — तो नव्हता असं थोडंच आहे?

एवढ्याशा बोलण्यावरून? हो. एवढ्याशाच. दुसरं काही कारण असतं, तर मी आधी तेच सांगितलं असतं.

उरलेले डबे पुन्हा फिरवायला अक्का ओट्यापाशी आली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. गोठलेला गोळा पात्याखाली अडकला, मिक्सर नुसताच गुरगुरला. तिनं तो थांबवला, झाकण काढलं आणि भांड्यात बोटं घातली. "बंद हाय ना गं?" तिनं विचारलं. मी मिक्सरच्या शेजारीच उभी होते. "बंद आहे," मी म्हणाले.

कंपनीत नव्या पोरींना पहिला धडा मीच देते — मशीनमध्ये हात घालायच्या आधी मेन स्विच बंद. भिंतीवरचा स्विच चालू होता. मला तो दिसत होता. माझा हात मिक्सरच्या बटणावर आपसूक गेला का?

नाही. मी नेला. मी बटण फिरवलं.

रक्त टाइल्सवर उडालं, माझ्या तोंडावर उडालं, आईस्क्रीममध्ये मिसळलं. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. मी चटकन टॉवेल गुंडाळला, दिराला हाक मारली, दवाखान्यापर्यंत तिचा हात उंच धरून बसले. केवढी धीराची म्हणून नणंदांनी माझं कौतुक केलं. आणि अक्का? गाडीत विव्हळत म्हणाली, "माझाच कोपर लागला वाटतं बटणाला." मी म्हणाले, "हो अक्का, घाईत तुमचाच लागला."

तिनं ते खरं मानलं. आजही मानते. भाकरी थापताना कड फाटली की ती स्वतःलाच शिव्या घालते, आणि मी शेजारी बसून भाजी चिरते.

अजून आहे. कंपनीत त्या पहिल्या धड्याला मी हीच गोष्ट सांगते — माझ्या जावेनं निष्काळजीपणा केला, बोटं घालवून बसली. पोरी शहारतात. धडा चांगला लक्षात राहतो म्हणतात. वर्षानुवर्षं मी तिचा हात असा वापरतेय.

हे सगळं सांगून झालं, तरी एक राहिलंच. इथवर येऊनही ते टाळत होते.

त्या मिक्सरचं बटण डावीकडे फिरवलं की धरून ठेवावं लागतं. सोडलं की ते आपोआप मागे येतं आणि मिक्सर थांबतो. मी ते डावीकडे फिरवलं होतं. अक्का किंचाळली, तेव्हाही माझ्या हातात घट्ट होतं. ती किंकाळी मी पुरती ऐकली. मला बरं वाटलं. मग सोडलं.