न फोडलेला अंक

आमच्या शेजारच्या भाऊंइतका घाबरट माणूस साऱ्या मावळात नव्हता, आणि त्यांची भीतीसुद्धा विलायती होती. लोणावळ्याच्या इंजिनशेडमधले हे मळवलीचे फिटर घाट चढवणाऱ्या धुडांखाली बेधडक शिरत. पण विलायतेतल्या फुटबॉलच्या पहिल्या वर्गाचे नाव निघाले की त्यांना घाम फुटे. मायदेशी परतलेला एक गोरा ड्रायव्हर आपल्या गावच्या संघाची खबर देणारी वर्तमानपत्रे त्यांना टपालाने धाडी. गुंडाळी येईपर्यंत सामना होऊन तीन आठवडे उलटलेले असत. पण तिच्यावरची कागदी पट्टी फोडेपर्यंत भाऊंच्या लेखी संघ हरलेला नसे. ते दोन-दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसत, जेवत नसत. दरसाल तळाचे दोन संघ खालच्या वर्गात ढकलतात, हे सांगतानाही त्यांचा आवाज बसे.

मला संताप येई. इकडे मिठासाठी लोक लाठ्या खातात आणि हे गोऱ्यांच्या चेंडूपायी उपाशी! मी तोंडावर त्यांना गुलाम म्हटले. "कोळशाच्या खानीवरची मान्सं खेळत्यात रं तितं," ते म्हणाले, "आपल्यावानीच काळ्या हातांची."

त्या वर्षी संघ अगदी तळाला होता. हंगामाचा शेवटचा अंक आला आणि भाऊंना तो फोडवेना. महिना गेला. याहून सुरक्षित जागा कुठली, म्हणून मी माझ्याकडची सत्याग्रहाची बंदी घातलेली पत्रके गुपचूप त्या गुंडाळीच्या पोकळीत सरकवली.

झडती माझ्या घरी झाली, मग भाऊंकडे. फौजदाराने गुंडाळी उचलली. भाऊंना ती जाड दिसली असावी. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. पत्रके सापडली तर मला तुरुंग, आणि त्यांची नोकरी जाणार. "द्या सायेब, मीच फोडतो," म्हणत त्यांनी पट्टी फाडली, फक्त वरचे पान उलगडले, निकाल वाचला आणि सारे कागद छातीशी घट्ट धरून हमसून रडू लागले.

कोण गेले, असे फौजदाराने चाचरत विचारले.

"आमी खाली गेलो, सायेब."

माणूस खुळा आहे, असे शिपायाला सांगून फौजदार उठला.

 मी विचारले, खाली गेलेले पुन्हा वर येतात का?

"येत्यात, दोन, वरसाला," पत्रके माझ्या हाती देत भाऊ म्हणाले. "पर हे आता दुसरीकडं ठेव, लेका. माज्याकडं न फोडलेलं काईच उरलं न्हाई."