आतेसाठी वाचलेली कादंबरी

शिरोड्याच्या आमच्या घरात माझ्या वडिलांनी आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आतेला, छळलं ते पुस्तकं वाचून दाखवून. आतेनं त्यांना छळलं ते फोन कानाला लावून. कुणी कुणावर हात उगारला नाही, आवाजही फारसे चढले नाहीत. शेजाऱ्यांना तर शेवटपर्यंत वाटत होतं की या भावंडांसारखी माया कुठे बघायला मिळायची नाही.

आतेनं लग्न केलं नव्हतं. बाबा मुंबईला गोदीत नोकरीला होते, तेवढी सगळी वर्षं गावचं घर तिनं एकटीनं राखलं. आजी-आजोबांचं सगळं तिनंच केलं. ब्लाउज, परकर शिवून ती आपलं भागवायची, आणि शिवणाच्या मशीनच्या फळीवर कायम वाचनालयाचं एखादं पुस्तक उघडं पडलेलं असायचं. माप द्यायला आलेली बाई जाताना पुस्तकाचं नाव विचारून जायची. वाचनालयात नवी खरेदी व्हायची तेव्हा तिथल्या बाई आधी आतेला निरोप धाडायच्या. शाळा तिची सातवीनंतर सुटली होती, पण एखादी कादंबरी कुठे फसली हे ती दोन वाक्यांत सांगायची, आणि ते पटायचं.

बाबा निवृत्त होऊन आईला घेऊन गावी आले, तेव्हा आतेच्या डोळ्यांतला काचबिंदू बराच पुढे गेला होता. तो कळलाच उशिरा. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग अक्षरं गेली, आणि एका गणपतीत तिनं आरतीच्या ताटाऐवजी हवेत हात फिरवला तेव्हा आम्हां सगळ्यांना कळलं की आता काहीच उरलेलं नाही. ती रडली नाही. फक्त वाचनालयाचं पुस्तक परत करायला आईजवळ दिलं आणि म्हणाली, "माझा नाव काडूक सांग."

नाव काढू दिलं नाही ते बाबांनीच. मी वाचून दाखवीन, म्हणाले. बाबांचा आवाज खरोखर सुंदर होता. तरुणपणी ते गोदीतल्या हौशी नाटकांत कामं करायचे. दुपारी जेवणं आटोपली की पडवीत आते आरामखुर्चीत बसायची, बाबा समोरच्या बाकावर, आणि वाचन सुरू व्हायचं. घरात कायम मालवणी बोलणारे बाबा पुस्तक उघडलं की अगदी शुद्ध, घोटीव मराठी बोलायचे. म्हाताऱ्याचा आवाज वेगळा, बाईचा वेगळा. मी जामसंड्याला शाळेत शिकवते. सुट्टीत घरी आले की मीही उंबऱ्यावर बसून ऐकायची. आई तेव्हा आत भांडी घासत असायची. तिला कुणी बोलावलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही.

वर्षभर हे छान चाललं. मग बाबांच्या लक्षात आलं की आपल्या हातात काय आहे.

सुरुवात छोट्या गोष्टींनी झाली. सकाळी आते कशावरून तरी त्यांना बोलली की दुपारी ऐन रंगात आलेल्या ठिकाणी पुस्तक मिटायचं. "उद्या वाचतलंय," एवढंच म्हणायचे आणि उठायचे. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला असायचा. तिसऱ्या दिवशी बाजारात काम निघायचं. त्या दिवसांत आते चहा करून बाबांसमोर ठेवायची, त्यांच्या धोतराची शिवण हातानं चाचपून दुरुस्त करायची. पुढे ऐकायला मिळावं म्हणून माझी अभिमानी आते त्यांची मर्जी राखत होती, आणि बाबांना ते आवडत होतं. चहाचा पहिला घोट घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पाहिलं आहे. मला ते बघवत नसे.

मग ती परिचारिकेची कादंबरी आली. नवऱ्यानं टाकलेली एक बाई बदलीवर घाटावरच्या आडगावी येते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते, गाव तिला नाही नाही ते बोलतं, आणि ती आपलं काम करत राहते, अशी गोष्ट. आतेला ती बाई फार आवडली. शेजारणींना ती तिच्याबद्दल अशी सांगायची, जणू आपल्या नात्यातलीच कुणी आहे.

त्याच सुमारास बाबांचे गोदीतले जुने मित्र सहकुटुंब समुद्रावर फिरायला म्हणून आले आणि जेवायला घरी थांबले. बाबांनी हौसेनं त्यांना एक प्रकरण वाचून दाखवलं. सगळ्यांनी वाहवा केली. एका पाहुण्यानं आतेला विचारलं, काय, भाग्यवान आहात ना? आते हसली आणि म्हणाली, "दादा वाचता बरो. पण वाचता ता तेका कळणा नाय."

पाहुणे हसले. बाबाही हसले. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

त्यानंतर काही दिवसांनी कादंबरी संपली. मी तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत घरीच होते. बाबांनी शेवटचं प्रकरण वाचलं, आवाजात कंप आणून वाचलं. त्यात ती परिचारिका, गावानं घेतलेला आळ सहन न होऊन, विहिरीत उडी घेते. तिला बघायला येणाऱ्या माणसांचं वर्णन होतं, ओल्या पातळाचं होतं, खोलीला लावलेल्या कुलपाचं होतं. आते संध्याकाळी जेवली नाही. पुढचे कितीतरी दिवस ती मधेच म्हणायची, ती असं करणारी नव्हती गो. असं कसं केलं तिनं?

नाताळच्या सुट्टीत मी तिला हाताला धरून वाचनालयात नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, शेवट कसा वाटला? आते म्हणाली, नाही पटला, तिला मारायला नको होतं. बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "मारली कुठं? ती स्कूटर शिकते ना शेवटी. त्याच खोलीत राहते." आणि कपाटातून पुस्तक काढून त्यांनी शेवटचं पान उभ्या उभ्या वाचून दाखवलं.

घरी येताना मिठागराच्या बाजूनं आम्ही चाललो होतो. आतेनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथं वळ दिसले. ती फक्त एकदाच बोलली. ओल्या पातळाचं पुस्तकात काही आहे का, असं तिनं मला विचारलं. मी नाही म्हटलं. बाबांनी ते सगळं मनानं रचलं होतं, तिच्यासाठी.

तिनं बाबांना जाब विचारला नाही. दुपारी बाबा नवं पुस्तक घेऊन बाकावर बसले, तर खुर्ची रिकामी. आते मागच्या दारी नारळ सोलत बसली होती. बाबांनी हाक मारली. ती तिथूनच म्हणाली, "माका आता गरज नाय." बाबांना कळलं की तिला कळलं आहे. त्यांनी थोडा वेळ मोठ्यानं वाचून पाहिलं, रिकाम्या खुर्चीला. मग पुस्तक मिटलं.

पुढच्या महिन्यात मी आतेला फोन घेऊन दिला. अंध माणसांसाठी त्यात बोलणारी सोय असते. पडद्यावर बोट फिरवलं की फोन सांगतो, इथे काय आहे. बोलकी पुस्तकंही त्यावर ऐकता येतात, ती मी भरून दिली. कानात घालायची वायर दिली. मला वाटलं होतं तिला वेळ लागेल. पण शिवणाच्या मशीनवर आयुष्य काढलेली तिची बोटं, दोन दिवसांत तिनं ते सगळं आपलंसं केलं.

आणि मग तिचा डाव सुरू झाला.

बाबांना गावात मित्र उरले नव्हते. जे होते त्यांना ते मुंबईकर वाटायचे. बोलायला हक्काची अशी एक आतेच होती. बाबा पडवीत येऊन सांगायला लागायचे, अमका आजारी आहे, तमक्यानं पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. आते कानात वायर घालून एक बोट वर करायची, थांब. बाबा थांबायचे. ते बोट खाली यायचंच नाही. कधी ती ऐकता ऐकता खुदकन हसायची, अगदी पोटातून, आणि बाबा न राहवून विचारायचे, काय झालं? ती म्हणायची, कायच नाय. जेवताना भाजीत मीठ कमी असलं तरी बाबांना सांगायचं काम ती आईवर सोपवायची, बाबा समोर बसलेले असताना.

बाबांनीही आपल्या परीनं सूड घेतला. आतेचा फोन सकाळी बंद पडलेला मिळायला लागला. बाबा गुपचूप चार्जरचं बटण बंद करत होते. आईनं पाहिलं होतं. ती दोघांपैकी कुणालाच काही बोलली नाही. आतेनं ओळखलं आणि ती फोन शेजारच्या घरी लावून ठेवायला लागली. तिथल्या सुनेला कारणही तिनं खरं तेच सांगितलं, आणि मग ते वाडीभर झालं.

त्यानंतर बाबांमध्ये काहीतरी मोडलं. मला फोनवर त्यांनी विचारलं की फोनमध्ये आपला आवाज भरून ठेवायचा असेल तर काय करायचं. मी समजावलं. त्या उन्हाळ्यात रोज सकाळी ते भाताच्या कणगीच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. खिडकीवर गोधड्या टांगायचे, म्हणजे कोंबड्यांचा आणि समोरच्या पर्यटकांच्या गाण्यांचा आवाज आत यायला नको. आई बाहेर कुत्र्याला आवरत बसायची. खोलीत पंखा लावता येत नसे, कारण त्याचीही घरघर यायची. बाबा घामानं निथळत बाहेर यायचे. एखादा शब्द अडखळला तर सबंध प्रकरण पुन्हा वाचायचे. ती परिचारिकेची कादंबरी त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली होती, जशी छापली आहे तशी.

स्वतः द्यायचं धाडस त्यांना झालं नाही. एका रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी ती माझ्याकडून आतेच्या फोनमध्ये घालून घेतली आणि स्वतः दारात उभे राहिले. मी आतेला सांगितलं, बाबांनी तुझ्यासाठी वाचलंय. कुठलं पुस्तक, तेही सांगितलं.

आतेनं फोन चाचपून हातात घेतला. मग विचारलं, "शेवट खरो आसा?"

बाबा दारातून म्हणाले, "होय. पुस्तकात आसा तसोच."

आतेनं कानातली वायर काढली, फोनमधूनही उपटली. पडद्यावर बोट फिरवलं. फोन मोठ्यानं बोलायला लागला. त्यानं फाइलचं नाव सांगितलं, बाबांनीच दिलेलं होतं ते, 'बहिणीसाठी'. तिचं बोट पुढे सरकलं. फोन म्हणाला, हटवा. मग म्हणाला, खात्री आहे का? तिनं दोनदा टकटक केलं. फोन म्हणाला, हटवले.

बाबा तिथंच उभे होते. मला वाटलं आता ते ओरडतील. ते मागच्या दारानं बाहेर गेले, पंप सुरू केला आणि माडांना पाणी लावत बसले. आई आतेला हळू आवाजात म्हणाली की वन्सं, हे बरं नाही केलंत.

आते म्हणाली, "तेना तिका मारल्यान. मी फकस्त आवाज पुसलंय."

त्यानंतर बाबांनी मोठ्यानं काही वाचलेलं मी ऐकलं नाही. पेपरसुद्धा ते नुसता डोळ्यांसमोर धरायचे. घरात ती दोघं एकमेकांना ओलांडून जायची. आतेला त्यांच्या पावलांचा आवाज ओळखता यायचा, आणि तो आला की ती भिंतीच्या बाजूला सरकून उभी राहायची, वाट द्यावी तशी. दुसऱ्या वर्षी वेंगुर्ल्याच्या एसटीची वाट बघत बाजारात उभे असताना बाबांच्या छातीत कळ आली आणि ते तिथंच गेले. आते सगळ्या विधींना बसली. रडली का, हे मला सांगता येणार नाही. मी माझ्याच रडण्यात होते.

बाबांच्या फोनमध्ये ती कादंबरी तशीच राहिली होती. दिवसकार्य झाल्यावर आईनं माझ्याकडून ती लावायला शिकून घेतली. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात बांगडे साफ करताना, वाटण वाटताना बाबांचा आवाज लावून ठेवते, सगळ्यात मोठा करून. कादंबरी संपली की पुन्हा पहिल्या पानापासून. आतेची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. तिच्या कानातल्या वायरनं तो आवाज अडत नाही.

या मे महिन्यात मी गेले तेव्हा आतेनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आईला सांग, जरा हळू लाव म्हणून. मी आईला जाऊन सांगितलं. आई माशाच्या पोटात सुरी घालून थांबली.

"इतकी वर्सां ह्यांका चाय दिलंय," ती म्हणाली, "माका एक पान वाचून दाखवल्यानी नाय. आता मी आयकतंय. हळू करूची नाय."

हे ती आतेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली, आणि परत माशाकडे वळली. मी आतेच्या खोलीत गेले. तिला सगळं ऐकू आलं होतं. पलीकडे बाबा परिचारिकेच्या आवाजात बोलत होते, घरमालकाला भाड्याची मुदत मागत होते.

"आवाज बरो होतो दादाचो," आते म्हणाली. मग उठली, भिंत चाचपत दारापर्यंत गेली आणि मला म्हणाली, माझी खुर्ची मागच्या पडवीत नेऊन ठेव. मी नेऊन ठेवली. तिथे दुपारी कडक ऊन येतं. आता ती तिथंच बसते.