जास्तीचं ताट

सोपानदादा जेवायला बसला की एक ताट जास्त मांडायला लावायचा. घरात माणसं चार, ताटं पाच. एखादा पाहुणा विचारायचा, "आणखी कुणी यायचंय का?" दादा शांतपणे म्हणायचा, "ज्याच्याशी आपलं वाकडं हाय, त्याचं हाय ते." मग पाहुणा मुकाट्यानं भाकरी मोडायचा.

हा माझा थोरला भाऊ. निघोज्यातल्या आमच्या घरातून चाकणच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागला. कंपनीनं त्याला पंप बसवायला आफ्रिकेतल्या एका देशात पाठवलं. तिथं पाण्यावरून दोन जमातींत कुऱ्हाडी निघालेल्या. पंप बसला, पण कुणी कुणाला पाणी भरू देईना. पाद्र्यांची एक संस्था दोन्हीकडच्यांना एकत्र बसवायची खटपट करत होती. दादा त्यांच्यात जाऊन बसला आणि तिथलाच झाला. गळ्यात तुळशीची माळ आणि काम चर्चच्या अंगणात! गावात लोक चिडवायचे, तेव्हा म्हणायचा, "आरं, पांडुरंगाला पासपोर्ट लागत न्हाई."

मला त्याचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. आईचं पथ्यपाणी मी बघायचो, इथल्या कंपनीत तिन्ही शिफ्ट मी मारायचो, आणि दोन वर्षांतून महिनाभर येणाऱ्या दादाला बघून आईचा चेहरा जसा उजळायचा तसा माझ्यासाठी कधी उजळला नाही. त्यात ते ताट! लहानपणी आम्ही भांडलो की जो रुसून बसायचा त्याचं ताट आई वाढून ठेवायची आणि तो येईपर्यंत कुणाला घास घेऊ द्यायची नाही. दादानं तेच तिकडं नेलं. दोन्ही जमातींची माणसं म्हणे एकमेकांची ताटं मांडायला शिकली. ताट आमच्या आईचं, नाव झालं ह्याचं.

पण खरा काटा बबनचा होता. बबन आमचा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर. त्यानं बांध कोरून हातभर रान आत घेतलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दादा सुट्टीवर आला की बॅग ठेवून आधी बबनकडं चहाला. एकदा मी तडकलोच, "माझ्या वैऱ्याच्या दारात कशाला जातोस?"

"किसन, परक्यांची भांडणं मिटवायला सोपी असत्यात रं," तो म्हणाला. "त्यात आपला बांध नसतो."

आई गेल्यानंतरची ती त्याची शेवटची खेप. निघायच्या दिवशी दुपारी त्यानं जास्तीचं ताट मांडलं आणि बबनला हाताला धरून त्यावर आणून बसवलं. मी भरल्या ताटावरून उठलो. आमच्या घरात अन्नाचा असा अपमान कुणी केला नव्हता. दादानं माझं ताट झाकलं आणि माझ्या बायकोला म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मंगल. येईल त्यो." मी कंपनीची बस पकडली. शिफ्ट सुटेपर्यंत तो विमानतळाकडं निघून गेला होता.

चार महिन्यांनी तो तिकडंच तापानं गेला. दोन्ही जमातींनी मिळून खड्डा खणला, असा फोन आला. म्हणजे माझ्या भावाला मातीही त्यांनीच दिली. कधी न पाहिलेल्या त्या माणसांचा मला इतका राग आला, की रडूसुद्धा नंतर आलं.

दहावा आम्ही इथं इंद्रायणीच्या घाटावर केला. पिंडाला कावळा शिवला नाही, तर मेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. दादाची इच्छा मला पक्की ठाऊक होती. कावळा अडणार, चार माणसं माझ्याकडं बघणार आणि मी नाइलाजानं म्हणणार, "दादा, बबनशी बोलीन." वाक्य घोकून ठेवलं होतं.

आम्ही मागं सरतोय तोच कावळा आला आणि भाताचा घास घेऊन गेला. लोक म्हणाले, "समाधानानं गेला." मला त्याचाही हेवा वाटला. स्वतः मोकळा झाला आणि मला भाग पाडायला कुणीच ठेवलं नाही. बबन मागं एकटाच उभा होता, माझ्यासारखंच डोकं भादरून. मग तो घरी निघून गेला.

घरी मंगलनं ताटं मांडली. माणसं तेवढीच ताटं होती. मी उठून आणखी एक मांडलं, माझ्या ताटावर बसलो आणि कितीतरी वर्षांनी भिंतीपलीकडं हाक मारली, "बबन, मी बसलोय रं. तू आल्याबिगर घास घेत न्हाई."