देवाचं उजवं, माझं उजवं

सायन्सबद्दल मला नितांत आदर आहे. बारावीला त्यानं मला दोनदा नापास केलं. म्हणून आमच्या घरातून कोणीतरी सायन्स पास व्हायचंच, हे मी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. (बायकोला, म्हणजे माधवीला, हे लग्नानंतर कळलं.)

पुढे मुलगी झाली, रेवा. यंदा ती उत्तम मार्कांनी दहावी झाली आणि अकरावीचा फॉर्म भरायच्या आदल्या सकाळी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी आर्ट्स घेतेय. भूगोल शिकायचाय मला."

माझ्या हातातला चहा बशीत, बशीतला लेंग्यावर! नागावात आमची नारळाची वाडी, तिच्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या. चारही खोल्यांत मी 'आमची रेवा सायन्सला' असं जाहीर करून बसलेलो.

"भूगोल घेऊन करणार काय?"

"किनाऱ्यावरची सुरूची झाडं दरवर्षी का पडतात, समुद्र आत का येतोय, ते शिकणार."

"मुळं सुटतात म्हणून पडतात! झाला भूगोल. आता फिजिक्स घे."

"अहो, घेऊ द्या तिला हवं ते," माधवी नारळ खवता खवता म्हणाली. "तुम्ही घेतलं होतंत ना वडलांच्या मनासारखं? मग?"

मी लगेच देवाला मध्ये घातलं. "कौल लावू! उजवं पडलं तर सायन्स, डावं पडलं तर आर्ट्स."

आमच्याकडे अडलेल्या गोष्टी अशाच सुटतात. देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं ओलं फूल चिकटवायचं आणि वाट बघायची. जे आधी पडेल तो देवाचा शब्द.

रेवानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "चालेल. पण मग शब्द फिरवायचा नाही."

"छे! देवासमोर?"

देवळात नथूकाका गुरवांनी फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं. आम्ही बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फुलं ढिम्म! तेवढ्यात कोणाची तरी शेळी सभामंडपात शिरली आणि थेट फुलांच्या परडीला तोंड लावलं. "हाड्! हाड्!" करत काका तिच्या मागे. माधवी प्रदक्षिणेला गेलेली. रेवा खांबाला टेकून डोळे मिटून बसलेली.

एवढी संधी मला बारावीच्या परीक्षेतही मिळाली नव्हती! मी गाभाऱ्यात वाकलो, उजवं फूल अलगद काढलं, रुमालानं कोरडं केलं, खालचा दगड पुसला, फूल नुसतं टेकवलं आणि जागेवर येऊन भक्तिभावानं हात जोडले.

काका परतले, माधवी येऊन बसली आणि टप्! फूल पडलं.

"उजवं!" मी उडालोच. "सायन्स! देवाची इच्छा! आपण कोण बोलणार?"

नथूकाकांनी माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे. "उजवं कुटं? डावं हाय ते."

"अहो काका, हे बघा," मी उजवा हात नाचवला. "ही बाजू!"

"ती तुजी रं! देव काय तुज्यासारका गाभाऱ्याकडं तोंड करून बसलाय? आपल्याकडं बघतोय तो. त्याचं हे डावं."

मी मनातल्या मनात देवाच्या जागी बसून पाहिलं. काका बरोबर होते.

"पुन्हा लावूया का? वारा होता मघाशी..."

"देवाला दोनदा इचारीत न्हाय."

"आणि हा शेंदूर हो कसला?" माधवीनं माझ्या हातातला रुमाल चिमटीत धरून वर केला. तो केशरी झाला होता. बोटंही. आता खरं सांगावं तर देवाला फसवल्याचं पाप, गप्प बसावं तर आर्ट्स! मी गप्प बसलो. (पापाला मी भितो. शिवाय माधवीला.)

घरी आल्यावर रेवा म्हणाली, "बाबा, मी पाहत होते तुम्हाला. डोळे किलकिले होते माझे."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडणारच होते! पण तुम्ही माझंच फूल पुसत होतात."

दुसऱ्या दिवशी तिनं फॉर्म भरला आणि पालकांच्या सहीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"कुठे करू सही?"

"खाली, उजवीकडे," ती म्हणाली. मी पेन उचललं, तशी घाईघाईनं पुढे वाकली. "थांबा बाबा, मी बोट ठेवते."