मोरॅगचा दगड

छप्पर असलेल्या इमारतीवरच कर लागायचा, म्हणून तो चुकवायला जमीनदारानं किल्ल्याचं छप्पर उतरवलं आणि तो लंडनला निघून गेला. मग गावानं हाताला लागेल तो दगड घरी आणला. एफीच्या पणजोबांनी दिवाणखान्यातल्या शेकोटीचा कोरीव खांब उचलला आणि गोठ्याच्या दाराला लावला.

किल्ल्याची दुरुस्ती निघाली तशी तो खांब परत मागायला माणसं आली. एफी फणफणली. "इतकी वर्षं किल्ला पावसात कुजत होता, तेव्हा कुठं होतात?" मग तिनं त्यांना चहा पाजला आणि खांब देऊनही टाकला. गाई तिनं केव्हाच विकल्या होत्या.

किल्ला उघडला त्या दिवशी ती ठेवणीतला कोट घालून बघायला गेली. पाहुण्यांना माहिती सांगायला तिचा शेजारी टॉर्किल उभा होता. लहानपणी तो तिच्याच गोठ्यात धारोष्ण दूध प्यायला यायचा. खांबावरच्या गुळगुळीत खळग्यावर हात ठेवून तो म्हणाला, "इथं आमच्या योद्ध्यांनी तलवारींना धार लावली."

पाहुणे पुढं सरकल्यावर एफीनं त्याला गाठलं. "तलवारी कसल्या रे मेल्या? आमची मोरॅग आणि बाकीच्या गाई माना घासायच्या तिथं."

"ठाऊक आहे गं. पण गाईंसाठी एवढ्या लांबून कोण येतंय?"

एफीनं खळग्यावरून तळवा फिरवला. "मग निदान मोरॅगचं नाव तरी घे."

ती जिना उतरत होती, तेवढ्यात पुढचा घोळका आला. मागून टॉर्किलचा आवाज ऐकू आला.

"या योद्ध्यांत एक बाई होती, मोरॅग. तिची लाथ बसली की माणूस आठवडाभर उठायचा नाही."