पाव्हण्याचं लोढणं

कुत्र्याविषयी काही बोलायचं असलं की मामा आधी खाली बसायचे, तेही कुत्र्याकडे पाठ करून. धोतर सावरून मातीतच बसायचे, काठी हातभर लांब ठेवायचे आणि समोर दुसरंच काहीतरी पाहत राहायचे. मागं कुत्रं घसा फुटेस्तोवर भुंकत असायचं. घटकाभरानं म्हणायचे, "आता बोला सायेब. आता त्ये ऐकून राहिलं."

तुमच्याही गावाजवळून सोयाबीन निघाल्यावर मेंढरांचे कळप जात असतील. मामाही तसेच आपला कळप घेऊन औंढ्याकडच्या माळावरून यायचे. आखाडा बाळापूरच्या बाहेर आमचं घर आहे, तिथून पुढं सगळी शेतंच. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे, त्यामुळं दरवर्षी दीड-दोन महिने मामा आमचे शेजारी असायचे. सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा. मी शाळेत हेडक्लार्क. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे दाखले बिनचूक लिहिले. माझी ही एक नोंद मात्र मी खोटी दिली, ती आज दुरुस्त करतो आहे.

आमचा कुत्रा जर्मन जातीचा, उभा राहिला की माझ्या छातीला लागायचा. मुलानं तो पिल्लू असताना आणला, रॉकी नाव ठेवलं आणि वर्षभरात नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. कुत्रा राहिला आमच्या गळ्यात. मी त्याला अंगणातल्या लिंबाला साखळीनं बांधला. बांधल्यानं तो आणखी चिडका झाला, म्हणून साखळी आणखी आखूड केली. दूधवाला फाटकाबाहेरूनच हाक मारायचा. पोस्टमन पत्रं शेजारी टाकून जायचा. मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, त्याला शिकवा, तो हुशार आहे." बायको म्हणायची, "कुणाला तरी देऊन टाका, मला त्याची भीती वाटते." मी दोघांनाही हो म्हणायचो आणि काहीच करायचो नाही.

मामा त्या वर्षी पहिल्या दिवशी पाणी मागायला आले तेव्हा रॉकी साखळीला हिसके देत होता. ते फाटकातून आत आले आणि साखळी पोचणार नाही अशा जागी पाठ करून बसले. बायकोनं तांब्या दिला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याला कोन बांधलं?"

"मी."

"काहून?"

मी म्हणालो, "मामा, याला देऊन टाकावा का शिकवावा, तेच कळत नाही."

"शिकिवता येतंय की. पर आधी मानसाला बसवावं लागतं, मंग कुत्र्याला." मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "चावलाय का कुनाला?"

"नाही," मी म्हणालो.

"बराबर."

ते 'बराबर' सगळ्यालाच म्हणायचे. पाऊस आला तरी बराबर, नाही आला तरी बराबर.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. शाळा सुटल्यावर मी घरी यायचो आणि इस्त्रीच्या पँटीसकट अंगणातल्या मातीत, कुत्र्याकडे पाठ करून बसायचो. शेजारी मामा बसायचे. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. "काय सायेब, कुत्र्यावर रुसलात व्हय?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "आरे, सायेबाला बी साकळी लावली काय कुनी?" मी ओशाळायचो. मामा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. "बघू द्या," म्हणायचे. "घाई न्हाई. त्येला आपली पाठ दिसली पायजेल. पाठ दावनारा मारत न्हाई, हे त्येला कळू द्या."

रॉकी हे नाव त्यांच्या तोंडात बसत नव्हतं. ते त्याला पाव्हणा म्हणायचे. "पाव्हण्यानं पानी पेलं का?" "पाव्हणा आज खुशीत हाय."

अशाच एका संध्याकाळी त्यांनी त्यांच्याकडची रीत सांगितली. कळपातलं कुत्रं माणसाला चावलं तर ते त्याला हाकलत नाहीत. त्याच्या गळ्यात लोढणं घालतात, म्हणजे दोरीनं बांधलेला लाकडाचा ओंडका. चालताना तो पुढच्या पायांना लागतो, कुत्र्याला झेप घेता येत नाही. आणि ज्याला चावलं, त्यानंच रोज त्याला आपल्या हातानं भाकर घालायची. ज्या हाताला दात लागले, त्याच हातानं. "दोघायचं भ्याव जाईस्तोवर," मामा म्हणाले. "कुत्र्याला बी भ्याव असतंय सायेब. चावल्यावर त्ये जास्त भेतंय."

मग पुन्हा विचारलं, "ह्यो चावला तर न्हाई ना कुनाला?"

"नाही मामा."

आता खरं सांगतो. त्याआधी दोन महिने तो माझ्या बायकोला चावला होता. उजव्या हाताला, कोपराच्या खाली. मुलानं पाठवलेला नवा बूट कुत्र्यानं फाडला म्हणून मी त्याला काठीनं मारत होतो. बांधलेल्या जनावराला. तो ओरडत होता आणि मी थांबत नव्हतो. बायको मला अडवायला मधे आली, तिनं हात पुढं केला, आणि त्याला तो हात काठीसारखाच दिसला असेल. सुया घ्यायला आम्ही मुद्दाम नांदेडला गेलो. गावात सांगितलं, पत्र्यानं कापलं. तिनंही तेच सांगितलं. माझी काठी झाकायची म्हणून तिनं कुत्र्याचे दात झाकले. मामांना 'हो' म्हणालो असतो तर तिला अंगणात येऊन त्याच हातानं भाकर घालावी लागली असती, आणि 'कसा चावला' हा प्रश्न आला असता. त्या प्रश्नाला मी भीत होतो.

तिसऱ्या आठवड्यात रॉकीचं भुंकणं थांबलं. मामांनी साखळी लांब केली. एका संध्याकाळी मी बसलो असताना मानेवर ऊन श्वास लागला. तो माझ्या मागं येऊन उभा होता. दुसरा कुणी असता तर त्याला आनंद झाला असता. मी दचकून उठलो आणि कोपऱ्यातली काठी उचलली. कुत्रं पोट जमिनीला घासत लिंबामागं गेलं.

मामा काठीकडे पाहत राहिले. म्हणाले, "आज जमलं आसतं."

त्या रात्री मी ठरवून टाकलं. सकाळी त्यांच्याकडे गेलो. "मामा, तुम्हीच न्या त्याला. माझ्यानं नाही होत."

"न्हेतो की. कळपात राहील." मग त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी माझ्याकडे बघून. "सायेब, तकलीफ नका मानू. चावलाय का कुनाला? मला राग येत न्हाई. फकस्त लोढणं घालावं का न्हाई, तेवढंच ठरवायचं हाय."

"नाही," मी म्हणालो.

"बराबर."

पाव्हणा लोढणं न घालता गेला.

पंधरा दिवसांनी बाजारात कळलं की मामांच्या बायकोला, मामींना, कुत्रं चावलं. मी धावत गेलो. मामी चुलीपाशी बसल्या होत्या, हाताला फडकं गुंडाळलेलं. एक शेळी पिठाकडे आली म्हणून त्यांनी काठी उगारली होती, एवढंच. उजवा हात, कोपराच्या खाली. सुया घ्यायला मीच त्यांना मोटारसायकलवरून नेलं. सगळ्या रस्त्यात त्या एवढंच म्हणाल्या, "हळू चालवा."

मामांचा पुतण्या संतापला होता. "घालवा त्येला! मारून टाका न्हाई तर!"

मामा म्हणाले, "चूक माझी हाय. काठीला भेलेलं कुत्रं हाय. मला वळखायला पायजे व्हतं." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सायबाला ठावं आसतं तर त्येंनी सांगितलंच आसतं."

बोलायला तीच जागा होती. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून पाव्हण्याच्या गळ्यात बाभळीचा ओंडका आला. मामी फडकं बांधलेल्या हातानं त्याला भाकर घालायच्या. मी लांबून, शाळेच्या वाटेवरून, रोज बघायचो. हात त्या मागं घ्यायच्या नाहीत. पुढच्या वर्षी मेंढरं आली तेव्हा लोढणं निघालेलं होतं. पाव्हणा मामींच्या सावलीसारखा चालत होता. मामा मला हाक मारून म्हणाले, "बघा सायेब, तुमचा पाव्हणा." आणखी दोन वर्षं ते आले, दरवेळी हाक मारली. मी बांधावरूनच हात करायचो.

या वर्षी कळप आला, त्यात मामा नव्हते. पावसाळ्यात छातीचं दुखणं निघालं आणि चार दिवसांत गेले, असं पुतण्यानं सांगितलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती उठली, भाकरी थापली, तेल-चटणी न लावता तशीच फडक्यात बांधली. "चला," म्हणाली.

मामी भेटल्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मामी, तो आधी हिला चावला होता. माझ्या काठीमुळं. मी मामांना तीनदा खोटं सांगितलं."

मामींनी बायकोची बाही वर सारली. गोल वणावरून बोट फिरवलं. मग स्वतःचा हात शेजारी धरला. "ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पानी द्यायला आल्या तवाच त्येंनी पाह्यलं व्हतं. पत्रा असा गोल कापत न्हाई. मी म्हनलं, लोढणं घाला. तर म्हनले, शिकलेला मानूस हाय, तीनदा इचारलं, तीनदा न्हाई म्हनला. आता लोढणं घातलं तर त्येला लबाड म्हनल्यावानी व्हतंय."

माझा शब्द राखायला मामांनी आपले डोळे खोटे पाडले होते. म्हणून कुत्र्याचे दात मामींना लागले. मग मामांनी तेही आपल्या अंगावर घेतलं.

बायको मातीत बसली. पाव्हणा आता तोंडावर पांढरा झाला आहे. तो आला, तिचा हात बराच वेळ हुंगत राहिला आणि मग अगदी हळू, ओठांनीच, भाकर घेतली. ती रडत होती. हात मात्र तिनं तसाच धरला होता.

"मामी," मी विचारलं, "ज्याला चावलं, त्यानं भाकर घालायची. ज्यानं मारलं, त्यानं काय करायचं?"

"हे त्येंनाच ठावं," त्या म्हणाल्या. "तुमी इचारायला पायजे व्हतं."

मी खाली बसलो, कुत्र्याकडे पाठ करून. समोर सोयाबीनची धसकटं, आणि शेजारी मामा बसायचे तेवढी मोकळी जागा. बराच वेळ मागं काहीच हाललं नाही. मग मानेवर ऊन श्वास लागला.

मी उठलो नाही.